टपोरा आणि हडकुळी

२१ ऑक्टोबर

ती. बाबा,
सा. नमस्कार.

खोली मिळाली, सामान लागलं, पेरणीही आटोपली, म्हणून आता सवडीनं लिहितेय. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनानं भरता. त्यापेक्षा कागद बरा. निदान भांडायला पुरावा राहतो.

खोली टायर दुरुस्तीच्या दुकानावर आहे. खाली हवा भरायचं यंत्र सुरू झालं की वर माझी कपबशी नाचायला लागते. पण खिडकीतून संशोधन केंद्राची पाण्याची टाकी दिसते आणि चालत जाता येतं, म्हणून घेतली.

आता खरी बातमी. मला हरभरा दिलाय! म्हणजे तुम्ही ज्याच्यापायी आयुष्य घालवलंत, तेच माझ्या गळ्यात. आधीचे पैदासकार बदलून गेले, त्यांच्या जागी मी. बीजकोशातून ठिकठिकाणचे दोनशेवर वाण मागवले. पाकिटं टेबलावर ओतली तेव्हा बघत राहिले. काळं बी, तांबूस, पांढरं, हिरवट, एखादं सुरकुतलेलं, एखादं मण्यासारखं गुळगुळीत. एकाच घराण्यातली भावंडं, पण तोंडावळा कुणाचा कुणाशी जुळेल तर शपथ.

एकेका वाणाची एकेक ओळ, आणि दर दहा ओळींनंतर तुलनेसाठी तुम्ही काढलेला टपोरा पेरलाय. नियमच आहे, ज्याला हरवायचं तो शेजारी उभा हवा. तेव्हा सध्या माझ्या शेतात जिकडे बघावं तिकडे तुम्ही, परीक्षेतल्या सुपरवायझरसारखे.

एवढ्यांतून निवडायचं कसं, ते लिहा. पुस्तकातलं मला पाठ आहे. तुम्ही काय बघत होतात ते हवंय. आईला सांगा, स्वेटर पोचला, बाह्या लांब आहेत.

तुमची
ठमू


३० ऑक्टोबर

चि. ठमूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून ऊर भरून आला, असं लिहिणार होतो. पण तुझी आई मागे उभी राहून वाचतेय आणि हसतेय. तेव्हा "आनंद झाला" एवढंच.

निवडीबद्दल विचारलंस. पहिली गोष्ट, एकेका झाडानं किती पिकवलं यावर भाळू नकोस. त्यात निम्मं श्रेय मातीचं, पाण्याचं आणि नशिबाचं असतं. काठावरच्या झाडाला एका बाजूला शेजारी नसतो. ते बिचारं पोटभर जेवतं, आणि आपल्याला वाटतं काय गुणाचं आहे! त्याचं बी पुढच्या वर्षी लावलं की हात चोळत बसायचं. म्हणून जे लेकराबाळांत उतरतं ते बघ. शंभर दाण्यांचं वजन चांगलं उतरतं. फुलाला येण्याची वेळ उतरते. घाट्यांची संख्या बऱ्यापैकी. फांद्यांचं मात्र सांगता येत नाही, त्या ओल बघून वागतात.

दुसरी गोष्ट, दाणा मोठा आणि घाटेही पुष्कळ, हे दोन्ही एका झाडाला सहसा जमत नाही. एकीकडे ओढलं की दुसरीकडे उघडं पडतं. मी दाण्याच्या बाजूनं ओढलं. तेव्हा मर रोगानं शेतंच्या शेतं वाळत होती, आणि टपोरा तग धरत होता, वर दाणा असा की व्यापारी वाटेत गाठून मागायचे. पुढे काय झालं ते तुला माहीत आहे. या भागात दुसरा हरभरा शोधून सापडत नाही.

आता माझी बातमी. टपोऱ्याला तीस वर्षं झाली म्हणून जुन्या केंद्रातल्या मंडळींनी जानेवारीअखेर माझा सत्कार ठरवलाय. तुझी आई म्हणते नवा कोट शिवा. मी म्हटलं, जुन्याला काय धाड भरलीय? तर म्हणाली, "जुन्याची बटणं लागत नाहीत. टपोरा आता तुम्ही झालात."

टपोरा तिकडच्या मातीत कसा उभा आहे, ते कळव.

तुझा
बाबा


८ डिसेंबर

ती. बाबा,
सा. नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. कामाचा रगाडा फार आहे.

फुलं आलीत. गुलाबी, पांढरी, आणि एका ओळीला चक्क निळसर. सकाळी वाफ्यांतून फिरलं की पानांवरच्या आंबेनं, त्या आंबट दवानं, पायजमा ओला होतो आणि दुपारी पोटऱ्यांना खाज सुटते. तुम्ही घरी आल्यावर आधी पाय का धुवायचात, ते आत्ता कळलं.

एका ओळीनं माझं लक्ष वेधलंय. दिसायला अगदीच हडकुळी, आणि तिचं नावही आम्ही तेच पाडलंय. पानं बारीक, दाणा बारीक, पण फांदीला फांदी फुटतेय आणि प्रत्येक फांदी कळ्यांनी भरलेली. तुम्ही तिच्याकडे वळूनही पाहिलं नसतंत.

टपोरा कसा आहे विचारलंत. आहे. अजून हंगाम बराच बाकी आहे, तेव्हा आत्ताच काही म्हणणं बरं नाही.

कोट शिवायला टाकला का? राखाडी घ्या, काळ्यात तुम्ही वकील दिसता. आईच्या गुडघ्याचं काय?

तुमची
ठमू


१७ डिसेंबर

चि. ठमूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बाप आहे मी तुझा. लहानपणी गणितात कमी गुण मिळाले की तू अशीच हवापाण्याच्या गप्पा मारायचीस. टपोऱ्याबद्दल दोन शब्द आणि हडकुळीचं कौतुक पाच ओळी, यावरून काय ते समजलो. तुझ्या नव्या ओळी टपोऱ्यापुढे टिकत नाहीयेत, आणि मला सांगायला तुला संकोच वाटतोय.

वेडे, यात लाज कसली? वाण एका हंगामात होत नाही. माझ्या पहिल्या सहा वर्षांचं सगळं बी शेवटी गुरांच्या पुढ्यात गेलं. तेव्हाचे साहेब म्हणायचे, "तुमच्यामुळे गुरं तेवढी सुधारली." मीही हसायचो आणि घरी येऊन जेवायचो नाही. आईला विचार.

हरणं वाईट नाही. टपोरा आहे तोवर शेतकऱ्याचं काही अडत नाही. तू निवांत काम कर.

कोट राखाडीच घेतला. माझ्या भाषणाचा मसुदा तयार आहे. त्यात शेवटी तुझा उल्लेख आहे, पण तो आत्ता सांगत नाही.

तुझा
बाबा


२६ डिसेंबर

ती. बाबा,
सा. नमस्कार.

तुमचं पत्र वाचून रडले, आणि मग स्वतःचाच राग आला. हे आधीच लिहायला हवं होतं.

बाबा, माझ्या ओळी हरलेल्या नाहीत. टपोरा मरतोय.

नोव्हेंबर संपताना पहिल्यांदा दिसलं. वरून हिरवं झाड, पण पानं मलूल, शेंडा खाली. दोन दिवसांत पानं न गळता तसंच उभ्याउभ्या वाळलं. मला वाटलं, वाळवी असेल. मग दुसऱ्या ओळीत, मग चौथ्या. आता टपोऱ्याच्या प्रत्येक ओळीत तेच. निम्म्याहून जास्त झाडं गेलीत. खोड उभं चिरलं की आत काळपट रेघ. ती तुम्हीच मला शाळेत असताना भिंगातून दाखवली होती.

रोगतज्ज्ञ म्हणतात, बुरशी बदललीय. तीस वर्षं कोसच्या कोस तिच्यापुढे एकच झाड उभं होतं. सगळ्या घरांना एकच कुलूप असल्यावर चोराला एक किल्ली पुरते. त्यात टपोऱ्याचा दोष नाही, तुमचा तर नाहीच. तो चांगला होता म्हणून सगळ्यांनी पेरला. सगळ्यांनी पेरला म्हणून ही वेळ आली.

हंगाम संपला की अहवाल जाईल, आणि त्यात टपोऱ्याचं बियाणं थांबवा असं लिहावं लागेल. तो अहवाल मलाच लिहायचाय. तुमच्या सत्काराआधी तुम्हाला हे परक्याकडून कळू नये, म्हणून लिहितेय.

काहीतरी लिहा, बाबा. रागावून लिहिलंत तरी चालेल.

ठमू


१२ जानेवारी

चि. ठमू,

बाबा लिहीत नाहीत म्हणून मी लिहितेय. माझं अक्षर तुला लागेल ना? जन्मभर हॉस्पिटलच्या वॉर्डातले तक्ते भरले, त्यामुळे माझ्या हातून पत्रसुद्धा रिपोर्टसारखं उतरतं.

रिपोर्ट असा. भूक कमी. बोलणं जवळजवळ बंद. सकाळी फिरायला जातात ते जेवायच्या वेळेला उगवतात. भाषणाचा कागद टेबलावरून नाहीसा झालाय. मी विचारलं, तर म्हणाले, "तुझ्या लेकीला विचार." म्हणजे चांगलं काही झालं की त्यांची लेक, नाहीतर माझी.

तुला वाटत असेल, आपण ते कागदावर का लिहिलं? वाईट बातमी समोर बसून सांगावी, हे खरं. उभ्यानं नाही आणि कागदावर तर नाहीच. पण तू तरी काय करणार होतीस? या माणसासमोर बसून कुणी वाईट बातमी सांगून दाखवावी.

आता जे लिहितेय ते शांतपणे वाच. त्यांनी तुझ्या संचालकांना पत्र धाडलंय. मला काल कळलं, तेही त्यांच्या तोंडून सहज निसटलं म्हणून. पोरीनं चाचणी रोगट जमिनीत घेतली असणार, अनुभव कमी आहे, आकडे पुन्हा तपासावेत, असं काहीतरी. मी म्हटलं, "अहो, तिची नोकरी अजून कायम झालेली नाही!" तर म्हणाले, "मी शास्त्र बोलतोय." शास्त्र बोलताना पानातली पोळी मात्र तशीच टाकून उठले.

त्यांचा मी राग राग केला. तरी तू एकदम तोडून टाकणारं काही लिहू नकोस. किंवा लिही. तुला काय वाटतं ते तुलाच ठाऊक.

आई


१७ जानेवारी

ती. बाबा,

आईचं पत्र आलं त्याच सकाळी संचालकांनी बोलावलं. टेबलावर तुमचं पत्र होतं. तुमचं अक्षर मी दारातूनच ओळखलं.

"बसा," ते म्हणाले. "हे माझे गुरू. आणि तुम्ही माझ्या सहकारी. आता मी ऐकू कुणाचं?"

मी म्हटलं, "आमचं दोघांचंही नको. शेतात चला."

ते तसेच निघाले, पॉलिश केलेल्या बुटांनिशी. त्या तुकड्यात आधी तीन वर्षं मका होता, हरभरा नव्हता. ते मी त्यांना रजिस्टरातून नाही, त्याच शेतावरच्या मुकादमांकडून वदवून घेतलं. टपोऱ्याच्या दोन वाळलेल्या ओळींमध्ये हडकुळी उभी आहे. माती तीच, पाणी तेच, पेरणीचा दिवस तोच, आणि ती घाट्यांनी लवून हिरवीगार. संचालक तिच्यापाशी बराच वेळ उभे राहिले. मग टपोऱ्याची चार झाडं त्यांनी स्वतःच्या हातानं उपटली आणि चिरून पाहिली.

परत येताना म्हणाले, "दुसऱ्या दोन केंद्रांकडूनही हेच आलंय. मी तुम्हाला सांगितलं नव्हतं." आणि मग, "अहवालावर सही तुम्ही करता की दुसऱ्या कुणाला सांगू? वडिलांचा वाण आहे. मी समजू शकतो."

"मीच करीन," मी म्हटलं.

बाबा, माझी नोकरी राहिली, तेव्हा ती काळजी नको. पण जमीन कोणती होती हे मला विचारता आलं असतं. एक ओळ. मी तुम्हाला खोटं सांगितलं असतं, असं वाटलं का तुम्हाला?

ठमू


३१ जानेवारी

चि. ठमूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि मी बस पकडून गेलो. तुझ्याकडे नाही. इथून पुढे जो सगळा हरभऱ्याचा पट्टा लागतो तिकडे. घरी सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे जातो.

रस्त्याकडेच्या एका शेतात एक बाई वाळलेली झाडं गोळा करत होती. मी विचारलं, "कोणता वाण हा?"

"टपोरा. दुसरं कोण काय पेरतंय इकडे?"

"असं कधीपासून होतंय?"

"मागल्या वर्षी कोपऱ्यात होतं. यंदा पसरलं. आमचे हे म्हणतात, पाणी कमी पडलं. पाणी कमी पडलं असतं तर त्या बाजूचं आधी वाळलं असतं, नाही का?"

मी एक झाड उपटलं, खिशातल्या चाकूनं चिरलं. ती रेघ आत होतीच. तीन शेतं पाहिली. तिन्हीकडे तेच. मग त्या पहिल्या शेताच्या बांधावर येऊन बसलो. त्या बाईनं पाणी आणून दिलं. "खात्यातले का तुम्ही?" म्हणाली. मी म्हटलं, "होतो." त्या वाणाशी माझा काय संबंध, ते मला सांगवलं नाही.

परवा सत्कार झाला. मोठा हॉल, खुर्च्या भरलेल्या, बियाणं महामंडळाचे लोक, शेतकरीही बरेच. मानपत्र वाचून झालं, मला बोलायला उभं केलं. मी म्हणालो, "तुमच्या प्रेमाबद्दल आभारी आहे. आता माझं एक ऐका. पुढच्या हंगामात टपोरा पेरू नका."

काही जण हसले. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याचा विनोद. मी मरीचं सांगायला लागलो तसं ते हसणं विरत गेलं. अध्यक्ष मागून पुटपुटले, "साहेब, आज नको." मी म्हटलं, "आज नको तर कधी? महिनाभरात बी पोत्यांत भरलं जाईल." मग तुझ्या चाचणीचं सांगितलं. ही चाचणी माझ्या मुलीनं घेतली, मी तिच्यावर अविश्वास दाखवला आणि ती बरोबर निघाली, हेही सांगितलं. खाली आलो. टाळ्या नव्हत्या. तुझ्या आईनं शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली, मी बसलो.

तुझ्या संचालकांना दुसरं पत्र लिहून पहिलं मागे घेतलंय. तुला का विचारलं नाही, याचं कारण मी बरेच दिवस शोधत होतो. तू खोटं सांगशील असं कधीच वाटलं नाही. तू खरं सांगशील, याचीच भीती होती.

एक मागणं आहे. टपोरा फेकू नकोस. वाण म्हणून तो संपला, हे मान्य. पण तसा दाणा तुझ्या त्या दोनशे ओळींत कुणाचाच नसणार. त्याला आईबापांतला एक म्हणून ठेव. संकरासाठी उशिरा पेरलेला तुकडा असेल, त्यात अजून फुलं असतील. त्या हडकुळीबरोबर जमव त्याचं. आणि तुझ्या खोलीत एक जास्तीचं अंथरूण असेल, तर मी येतो.

तुझा
बाबा


२६ फेब्रुवारी

प्रिय आई,

बाबा सुखरूप आहेत, गोळ्या वेळेवर घेतात, आणि माझं डोकं खातात. टायरवाल्याशी त्यांची इतकी दोस्ती झालीय की मला आता खालून "साहेबांची मुलगी" अशी हाक येते.

उशिरा पेरलेल्या तुकड्यात टपोऱ्याची थोडी झाडं वाचली होती, आणि तिथली हडकुळीही अजून फुलांवर होती. पहिल्या दिवशी बाबा त्या टपोऱ्यांपाशी गेले आणि एकेकाला हात लावला. मग हडकुळी बघायला नेलं. खाली बसून त्यांनी फांद्या मोजायला सुरुवात केली, मध्येच सोडून दिली. म्हणाले, "मी हिला तिसऱ्याच दिवशी उपटून टाकलं असतं." मी म्हटलं, "माहीत आहे."

मग वाद सुरू, आई कोण आणि बाप कोण. मला वाटलं होतं, टपोऱ्याला बाप करायचा त्यांचा हट्ट असेल. तर नाही. "त्याची कळी मोठी, चिमट्याला सोपी जाते. तो आई." एवढा मोठा टपोरा चुटकीसरशी आई झाला! मी हसले तर म्हणाले, "हसतेस काय, आईपण सोपं असतं का?" हे तुला मुद्दाम कळवतेय.

काम किती नाजूक असतं, ते तू पाहिलेलं नाहीस. फूल उमलायच्या आधी कळी हलकेच उघडायची, आतले पिवळे पुंकेसर चिमट्यानं एकेक काढायचे, आणि मग दुसऱ्या झाडाचा पराग आणून टेकवायचा. जरा धक्का लागला की कळी गळाली. बाबांचा हात कापतो, आई. तू मला सांगितलं नव्हतंस. पहिल्या दिवसाची त्यांची एकही कळी राहिली नाही. दुसऱ्या दिवसाचीही नाही. संध्याकाळी स्टुलावर बसून ते चिमटा पुसत राहिले, पुसत राहिले. मी म्हटलं, "मी उघडते कळी, तुम्ही पराग लावा."

"म्हणजे तू शस्त्रक्रिया करणार आणि मी फुंकर घालणार?"

"हो."

विचार करून म्हणाले, "बरं."

तसं आम्ही रोज सकाळी करतोय. मी कळी उघडते, तोवर ते हडकुळीचं ताजं फूल तोडून आणतात, तळहाताच्या आडोशानं, वारा लागू नये म्हणून. टेकवायच्या क्षणी श्वास रोखतात, आणि तेवढ्यापुरता त्यांचा हात थांबतो. मग मी खुणेचा दोरा बांधते. बहुतेक गळतात, माझ्याही हातच्या. तरी आज सकाळी पाहिलं तर काही दोऱ्यांपाशी घाटे धरलेत. एक तर चांगला फुगलाय. बाबांनी बोट लावलं नाही, नुसतं वाकून बघत राहिले.

"यातून येतील ती झाडं सगळी एकसारखी दिसतील," ते म्हणाले. "त्यांच्यावर भाळू नकोस. खरी मजा त्यांच्या पोरांत. तिथं सगळं फुटतं. काही माझ्यावर जातील, काही तुझ्यावर, बरीचशी कुणाच्याच कामाची नसतील. एखादंच निघेल, दाणा माझा आणि जीव तुझा."

मी म्हटलं, "बाबा, ते दिसायला अजून दोन हंगाम. वाण म्हणून उभं राहायला आठ-दहा वर्षं."

"मग?" ते म्हणाले, आणि चष्मा कपाळावर सरकवून पुढची कळी शोधायला लागले.

तुझी
ठमू